पाठभेद

गेल्या ज्येष्ठात आमच्या मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एक लॅपटॉप वारला. हसू नका. वीस वर्षे उलटलेला तो म्हातारा ज्या लहानशा वर्कशॉपात होता, तिथल्या चार घरांच्या चुली त्याच्यावर पेटत होत्या. वर्कशॉपातले जुने मिलिंग मशीन त्याच्याकडून सिरियल केबलीतून हुकूम घेई. ते हुकूम तयार करणारा प्रोग्रॅम एका डोंगलवाचून चालत नसे, आणि हा डोंगल, म्हणजे अंगठ्याएवढी प्लॅस्टिकची किल्ली, जुन्या प्रिंटरच्या रुंद पोर्टातच बसतो. आजकालच्या सडपातळ लॅपटॉपांना ते पोर्टच नसते. नवे मशीन घ्यावे, तर मालकाला घर गहाण टाकावे लागेल.

मालक माझ्या पुतण्याच्या वयाचा. मी दूरध्वनी खात्यात तीस वर्षे तारांना डाग देत काढली, एवढ्या भांडवलावर तो मला तज्ज्ञ समजतो. माणसाला असा गैरसमज आवडतो. "काका, जरा बघता का?" म्हणत त्याने लॅपटॉप पिशवीतून ओटीवर आणून ठेवला आणि मी चष्मा पुसला.

उघडून पाहिले तो वीजपुरवठ्याची एक चिप जळून काळी पडलेली आणि भोवतीचे तांबे हिरवट झालेले. कोकणातला दमट वारा पत्र्याला सोडीत नाही, तो याला काय सोडणार? आख्खा मदरबोर्डच बदलणे भाग होते. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानात फोन लावला आणि मॉडेल सांगितले.

"बोर्ड कुठल्या रिव्हिजनचा हवा?" पलीकडून प्रश्न आला.

"अहो, मॉडेल सांगितले ना! त्या मॉडेलचा पाठवा म्हणजे झाले."

"तसे नसते, काका. बोर्डावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेले असते. बघून सांगा."

मी बघितले नाही. तीस वर्षांच्या नोकरीचा ताठा, दुसरे काय!

बोर्ड आला, बसवला. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, आणि पडदा मात्र अमावास्येसारखा काळा. मी ताबडतोब फोन उचलला आणि त्या दुकानदाराला बोलू नये ते बोललो. मेलेला माल आमच्या माथी मारलात, खेड्यातली माणसे म्हणून फसवता, वगैरे. तो शांतपणे म्हणाला, "परत पाठवा, पैसे देतो. पण आधी पडद्यावर टॉर्च तिरपी धरून बघा."

टॉर्च धरली. काळ्या पडद्यात अगदी अंधुक अशी अक्षरे उमटलेली होती! म्हणजे बोर्ड जिवंत होता, चित्रही येत होते, फक्त पडद्यामागचा दिवा लागत नव्हता. मालक माझ्याकडे पाहत होता. मी टॉर्चकडे पाहिले.

त्या रात्री दोन्ही बोर्ड ओटीवर पांढऱ्या पंचावर शेजारी शेजारी मांडले. स्क्रू ठेवायला सौ.ने तांदूळ निवडायचे ताट दिले, आणि ते परत कधी मिळणार याची तारीखही विचारून घेतली. भिंग घेऊन वाचू लागलो. जुन्यावर "रेव्ह १" आणि नव्यावर "रेव्ह ३". पाहिले असते तर अर्ध्या मिनिटाचे काम होते. चिपांवर चार आकडी शिक्का असतो. पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. जुन्यावर ०३१२, म्हणजे २००३ सालचा बारावा आठवडा. नव्यावर ०४४१. अवघ्या दीड वर्षात एकाच नावाच्या, एकाच पेटीतल्या यंत्राचे पोट दोनदा बदलले होते.

पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, तेव्हा पंडित मंडळी पोथ्या शेजारी मांडून शब्दाशब्दाचे पाठभेद टिपीत. शके १५०६ मध्ये नाथमहाराजांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली तीही पाठभेद पारखूनच. माझे काम त्यापुढे किती क्षुद्र, पण जात तीच. फरक एवढाच की पोथी उतरवणारा प्रत्येक लेखनिक पदरच्या चुका घालीत जातो. इथे खुद्द कर्ताच आपल्या चुका मागाहून दुरुस्त करीत असतो, आणि त्याबद्दल चकार शब्द काढीत नाही. जुन्या बोर्डावर कारखान्यानेच एक तांबडी बारीक तार एका चिपेच्या पायापासून दूर नेऊन डिंकाने चिकटवली होती. नकाशात राहून गेलेली एक वाट अशी हाताने घातलेली! नव्या बोर्डावर ती तार नाही. तिची वाट तांब्यातच कोरलेली आहे.

बहुतेक कंपन्या हा चुकांचा इतिहास कपाटात ठेवतात. मुलांसाठी काढलेल्या हिरव्या-पांढऱ्या एक्सओ लॅपटॉपचे तसे नव्हते. रायगड जिल्ह्यातल्या खैराटच्या शाळेत २००७ साली पोरांच्या हाती आला तोच हा. त्याच्या बी-१, बी-२, बी-३ अशा चाचणी बोर्डांत काय बदलले ते त्या लोकांनी उघड लिहून ठेवले. पहिल्या दोहोंत ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि १२८ मेगाबाइट स्मृती. बी-३ पासून ४३३ आणि २५६. पेटी तीच, हिरवा रंग तोच. आमच्या म्हाताऱ्याची अशी टिपणवही कुठे मिळाली असती, तर माझे चार रात्रींचे जागरण वाचले असते.

होय, चार रात्री. कारण बोर्ड अनेक थरांचा असतो. आतल्या थरांतल्या वाटा भिंगातून दिसत नाहीत, मीटरचे टोक टेकवून बीप ऐकत शोधाव्या लागतात. पडद्याच्या दिव्याला वीज देणारी जी पट्टी असते, तिचा सॉकेट दोन्हीकडे सारखाच. पण त्याच्या शेजारी दोन जागा जोडीने होत्या. जुन्यावर डावी जागा भरलेली, उजवी रिकामी. नव्यावर नेमके उलटे. त्या जागेतला ऐवज म्हणजे शून्य ओहमचा रेझिस्टर. विरोध करणे हा ज्याचा धर्म, त्याने मुळीच विरोध न करणे! असे सरकारी कमिटीवरचे सभासद मी पाहिले होते, रेझिस्टर प्रथमच पाहत होतो. पण त्याचे काम महत्त्वाचे. "दिवा लाव" हा हुकूम सॉकेटच्या कुठल्या पायावर जायचा ते तो ठरवतो. मधल्या काळात कंपनीने दुसऱ्या बनावटीचा पडदा वापरायला घेतला असावा आणि हुकूम त्या पडद्याच्या सोयीने वळवला असावा. आमचा पडदा पहिल्या वळणाचा. तो बिचारा बंद दारावर कान लावून बसला होता.

उपाय सरळ होता, उजवीकडचा तुकडा डावीकडे बसवायचा. बोर्ड जुना असल्याने डाग शिसे-कथलाचा. १८३ अंश सेल्सिअसला वितळतो. युरोपने १ जुलै २००६ पासून शिशाला बंदी घातल्यावर जो बिनशिशाचा डाग आला तो २१७ च्या आसपास वितळतो, आणि माझी म्हातारी कैची त्याच्यापुढे धापा टाकते. इथे तुकडा चटकन सुटला. इतका चटकन की चिमट्यातून उडून तो ओटीच्या जांभ्याच्या फटीत कुठेतरी गेला. तिळाहून लहान वस्तू! मालक, मी आणि सौ. तिघांनी गुडघ्यांवर बसून अर्धा तास शोधला.

मग मालकच म्हणाला, "काका, शून्य ओहम म्हणजे शेवटी तारच ना?"

केबलीतला केसाएवढा एक तांब्याचा धागा कापून डाव्या जागेवर डाग दिला. बटण दाबले. पडदा आधी गुलाबीसर, मग पांढरा झाला. मालक काही बोलला नाही. लॅपटॉप मांडीवर घेऊन, डोंगल लावून, मशीनचा प्रोग्रॅम उघडेपर्यंत तो तसाच बसला, आणि मग पहिला फोन त्याने आपल्या कामगाराला केला: उद्या आठला ये.

दुसरा फोन मला करायचा होता. सकाळी केला. झाल्या बोलण्याबद्दल क्षमा मागितली. दुकानदार म्हणाला, "असू द्या हो काका. माझ्याकडे रेव्ह ३ चे अजून दोन पडलेत, ते याच दोषाने परत आलेत. ती डावी जागा कुठली म्हणालात? नंबर सावकाश सांगा, लिहून घेतो."

मी भिंग शोधू लागलो.