यंत्राचे झाकण कोण उघडणार?

समाजवादी विचारात यंत्राच्या मालकीचा प्रश्न नेहमीच अग्रभागी राहिला आहे. गिरणी कोणाची, खाण कोणाची, वीज निर्माण करणारे जनित्र कोणाचे, हे प्रश्न विचारीतच चळवळीच्या पिढ्या घडल्या. त्या मानाने यंत्राच्या ज्ञानाची मालकी कोणाकडे आहे, हा प्रश्न उपेक्षित राहिला. यंत्र राष्ट्राच्या मालकीचे झाले म्हणजे त्याचे ज्ञानही आपोआप जनतेचे होते, असे जणू गृहीतच धरले गेले. हे गृहीत किती अपुरे होते, हे पाहण्यासाठी आपल्या देशातील दोन घटना आठवणे पुरेसे आहे.

१९७७ साली जनता पक्षाचे सरकार आले आणि उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी परकीय चलन नियमन कायद्याप्रमाणे परदेशी कंपन्यांनी आपला भांडवली वाटा कमी करावा, असा आग्रह धरला. आयबीएम या अमेरिकी कंपनीने तो न मानता १९७८ साली देश सोडला. आग्रह योग्यच होता. कंपनीच्या मागे राहिलेल्या संगणकांची देखभाल सार्वजनिक क्षेत्रातील सीएमसीकडे आली आणि एतद्देशीय कंपन्यांनाही वाव मिळाला. दुसरी घटना १९८३ सालची. त्या वर्षी बँक कर्मचारी संघटना आणि बँकांची व्यवस्थापने यांच्यात यांत्रिकीकरणाविषयी करार झाला आणि संगणकाच्या वापराला काही मर्यादा घातल्या गेल्या. नोकऱ्यांचे रक्षण हा त्यामागील हेतू रास्त होता. परंतु दोन्ही प्रसंगी संगणक ही एक बंद पेटीच राहिली. एकदा ती पेटी कोणाच्या मालकीची असावी यावर वाद झाला, दुसऱ्यांदा कचेरीत अशा पेट्या किती असाव्यात यावर. ती पेटी उघडून आत काय आहे हे कामगाराने आणि त्याच्या मुलाने पाहावे, ही मागणी मात्र त्या झगड्यांच्या केंद्रस्थानी कधीच आली नाही.

नेमक्या त्याच १९८३ साली युगोस्लाव्हियात एक वेगळी गोष्ट घडत होती. तो देश तेव्हा परकीय कर्जाच्या ओझ्याखाली वाकलेला होता. चलन वाचविण्यासाठी आयातीवर कडक निर्बंध होते आणि पाश्चात्त्य देशांतील घरगुती संगणक सामान्य माणसाला कायदेशीर मार्गाने मिळणे जवळजवळ अशक्य होते. अशा वेळी वोया अंतोनिच या हौशी रेडिओच्या छंदात रमलेल्या संशोधकाने, उन्हाळी सुटीत एका अमेरिकी प्रोसेसरची माहितीपुस्तिका वाचता वाचता, घरी जोडता येईल अशा स्वस्त संगणकाची कल्पना मांडली. संगणकातील चित्र पडद्यावर उमटविणारा स्वतंत्र घटक महाग आणि दुर्मीळ होता. अंतोनिच यांनी तो वगळला आणि त्याचे बरेचसे काम झेड-८० या सर्वत्र मिळणाऱ्या प्रोसेसरकडूनच करून घेतले. प्रोसेसरचा पुष्कळसा वेळ चित्र रेखाटण्यातच जाई, हा या रचनेचा दोष. पण त्या दोषाच्या मोबदल्यात संगणक सामान्य माणसाच्या आवाक्यात आला.

यापुढची गोष्ट अर्थशास्त्राच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. अंतोनिच यांनी या रचनेचे एकाधिकारपत्र घेतले नाही. 'गालाक्सिया' या बेलग्रेडच्या विज्ञानविषयक मासिकाने घरगुती संगणकांवर एक विशेषांक काढला, त्याचे लेखन मुख्यतः देयान रिस्तानोविच यांनी केले आणि त्यात या संगणकाची संपूर्ण आकृती छापून टाकली. विशेषांकावर जानेवारी १९८४ ही तारीख होती. संगणकालाही मासिकाचेच नाव मिळाले. फार तर काहीशे वाचक हा खटाटोप करतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात सुट्या भागांच्या संचासाठी आठ हजारांहून अधिक मागण्या आल्या. संगणकाची पेटीसुद्धा संचात नव्हती. ज्याने त्याने ती लाकडाची, पत्र्याची, हाती लागेल त्याची केली. म्हणजे झाकण उघडण्याचा प्रश्नच नव्हता. झाकण बसविण्याआधी आतील प्रत्येक सांधा डाख देऊन स्वतः जोडावा लागे. जो माणूस एकदा या दिव्यातून गेला, त्याच्यासाठी संगणक ही पुन्हा कधी जादूची पेटी राहिली नाही.

आता रेडिओची गोष्ट. त्या काळी घरगुती संगणकाची आज्ञावली साध्या कॅसेटवर आवाजाच्या रूपात साठविली जाई. जे कॅसेटवर नोंदता येते ते रेडिओवरून प्रक्षेपितही करता येते, हे ओळखून बेलग्रेड नभोवाणीच्या '२०२' केंद्रावर झोरान मोदली यांनी आपल्या 'वेंटिलातोर २०२' या कार्यक्रमातून आज्ञावली प्रक्षेपित करण्यास आरंभ केला. निवेदक श्रोत्यांना टेपरेकॉर्डर सज्ज ठेवण्यास सांगे आणि मग काही मिनिटे कानाला कर्कश वाटणारी किरकिर ऐकू येई. ती नोंदवून संगणकाला ऐकविली की कोणाचा खेळ, कोणाचे गणिताचे साधन, कोणाचा अभ्यासाचा पाठ पडद्यावर उभा राही. श्रोते स्वतः लिहिलेल्या आज्ञावली केंद्राकडे पाठवीत आणि त्याही प्रक्षेपित होत. नेदरलँड्समध्येही राष्ट्रीय प्रसारण संस्थेच्या 'हॉबीस्कूप' कार्यक्रमाने हेच केले. शिवाय निरनिराळ्या कंपन्यांच्या संगणकांना समजेल अशी 'बेसिकोड' नावाची सामायिक पद्धती तेथे घडविण्यात आली, म्हणजे एका कंपनीचा ग्राहक दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला परका राहू नये. सार्वजनिक नभोवाणीने ज्ञान एका घरातून दुसऱ्या घरात असे फुकट नेऊन पोहोचविल्याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

तथापि हे प्रक्षेपण मूलतः एकतर्फीच होते. संगणकाने संगणकाशी रेडिओवरून थेट बोलण्याची पायरी हौशी रेडिओचालकांनी गाठली. हौशी रेडिओचालक म्हणजे सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळविलेला आणि नेमून दिलेल्या लहरींवर जगभरच्या आपल्यासारख्यांशी संपर्क साधणारा नागरिक. त्याला या संचावरून धंदा करता येत नाही, मोबदला घेता येत नाही आणि गुप्त सांकेतिक भाषाही वापरता येत नाही. कॅनडात १९७८ साली माँट्रियलच्या हौशी मंडळींनी मजकुराचे लहान लहान तुकडे करून ते रेडिओवरून धाडण्याचा प्रयोग केला. व्हँकुव्हरच्या मंडळींनी त्यासाठी संगणक आणि रेडिओ यांना जोडणारे उपकरण बनविले. अमेरिकेतील टूसॉन येथील गटाने पुढे अशा उपकरणाचे संच जगभर पोहोचविले आणि १९८४ साली त्यासाठी एक सामायिक नियमावलीही प्रसिद्ध झाली. त्या गटाच्या गाजलेल्या दुसऱ्या उपकरणात तोच झेड-८० प्रोसेसर होता. इंटरनेट घराघरात येण्याच्या कितीतरी आधी ही माणसे वर्गणी न भरता, कोणत्याही कंपनीची तार न वापरता, एकमेकांना टपाल धाडीत होती.

येथे मूळ प्रश्न आकाशलहरींच्या मालकीचा आहे. आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली निःसंदिग्धपणे सांगितले. त्यानंतर या मालमत्तेचे मोठमोठे पट्टे कंपन्यांना कसे वाटले गेले, २०१२ साली त्याच न्यायालयाला १२२ परवाने कसे रद्द करावे लागले आणि पुढे लिलावांतून कोण शिल्लक राहिले, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. या सगळ्या मळ्यांत हौशी रेडिओचा पट्टा हे गावच्या गायरानासारखे उरलेले आहे. ते कोणाला विकता येत नाही आणि कोणी त्यावर भाडे वसूल करीत नाही. पण जे गायरान वापरात राहत नाही त्यावर अतिक्रमण व्हायला वेळ लागत नाही, हे खेड्यातील कार्यकर्त्याला सांगण्याची गरज नाही.

युगोस्लाव्हियाच्या प्रयोगाला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. त्याचा प्रोसेसर अमेरिकी बनावटीचा होता. तो बनविण्याची क्षमता त्या देशातील स्वयंव्यवस्थापित कारखान्यांना आली नाही. कारखान्यात तयार केलेल्या गालाक्सिया शाळांकडे गेल्या, पण चोरवाटेने येणाऱ्या परदेशी संगणकांपुढे त्यांचा टिकाव लागला नाही. पुढे तो देशच दुभंगला. ज्ञान मोकळे झाले, परंतु उत्पादनाची साधने त्याच्या मागे उभी राहिली नाहीत. आपल्याकडे नेमके उलट घडले. कारखाने आणि महामंडळे उभी राहिली, परंतु ज्ञान मोकळे झाले नाही. दोन्ही चाके एकाच गाडीला असावी लागतात, हाच दोन्ही इतिहासांचा धडा आहे.

या ज्ञानाचा चळवळीशी काय संबंध, असे कोणी विचारील तर त्याचे उत्तर चळवळीच्या स्वतःच्या इतिहासातच आहे. १९३९ साली युद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातील हौशी रेडिओचालकांचे परवाने रद्द केले. नागरिकाच्या हाती प्रक्षेपक असणे म्हणजे काय, हे त्या सरकारला पुरते ठाऊक होते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. डॉ. राममनोहर लोहिया त्याच्या पाठीशी उभे होते. जागा बदलीत, पोलिसांना चुकवीत तो जेमतेम तीन महिने चालला आणि १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पकडला गेला. पकडला गेला तो एका तंत्रज्ञाच्या फितुरीमुळे. उषाताईंच्या आणि त्यांच्या साथींच्या धैर्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. पण या घटनेचा दुसरा अर्थ क्वचितच लक्षात घेतला जातो. ज्या चळवळीचे यंत्रज्ञान एक-दोघांच्या हाती असते, तिची मानही त्या एक-दोघांच्याच हाती असते.

आज साधनांची टंचाई उरलेली नाही. दूरचित्रवाणीचे कार्यक्रम संगणकावर पाहण्यासाठी बनविलेली एक बोटाएवढी स्वस्त पट्टी रेडिओच्या विस्तृत लहरी ऐकण्यासाठीही वापरता येते, हे २०१२ साली हौशी मंडळींनीच शोधून जगापुढे ठेवले. त्याच वर्षी ब्रिटनमधून रास्पबेरी पाय हा तळहातावर मावणारा स्वस्त संगणक बाजारात आला. १९९३ सालच्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी जोसेफ टेलर हे स्वतः हौशी रेडिओचालक. खरखरीत बुडून गेलेला क्षीण संदेश संगणकाच्या साहाय्याने वेचून काढणाऱ्या आज्ञावली त्यांनी २००१ पासून प्रसिद्ध केल्या आणि पुढे त्यांचे मूळ लेखनही सर्वांना खुले केले. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामीने अंदमानातील दूरध्वनी मुके झाले, तेव्हा पोर्ट ब्लेअरला आधीच पोहोचलेल्या हौशी रेडिओचालकांच्या संचांनी मुख्य भूमीशी संपर्क राखला. त्यानंतर काही महिन्यांनी, मे २००५ मध्ये, इस्रोने हौशी रेडिओसाठीच बनविलेला 'हॅमसॅट' हा उपग्रह कक्षेत सोडला.

हा मध्यमवर्गाचा फावल्या वेळचा छंद आहे, भुकेल्या माणसाला त्याचे काय, हा आक्षेप जुना आणि प्रामाणिक आहे. परंतु आज शेतमजुराच्या घरातही मोबाइल आहे. त्याचे धान्य, त्याची मजुरी, त्याच्या मुलाची शिष्यवृत्ती त्याच बंद पेटीतून येते किंवा अडते. पेटी बिघडली तर दुरुस्तीचा अधिकारही त्याला सुखासुखी मिळत नाही. केंद्र सरकारला त्याच्या विचारार्थ २०२२ साली समिती नेमावी लागली. ज्याला पेटीच्या आतले काहीच कळत नाही, तो तिच्या मालकाशी वाटाघाट कशी करणार? आजचे परावलंबन पोटाचे आहे तसेच ते अडाणीपणाचेही आहे, आणि तो अडाणीपणा बाजाराने मोठ्या परिश्रमाने टिकविला आहे.

यास्तव काही गोष्टी पक्षाच्या कार्यक्रमपत्रिकेवर यावयास हव्यात. तालुक्याच्या वाचनालयांतून, सेवा दलाच्या शाखांतून आणि कामगार वस्त्यांतून चार-पाच मुलामुलींचे गट एक रेडिओ आणि एक लहानसा संगणक घेऊन बसावेत. डाख देण्यापासून आज्ञावली लिहिण्यापर्यंत सारे त्यांनी हाताने करावे. दूरसंचार खात्याची परवाना परीक्षा त्यांनी मराठीतून अभ्यास करून द्यावी आणि तो अभ्यास मराठीत आणणे हे पक्षाच्या शिक्षकवर्गाने आपले काम मानावे. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी तार कायदा यांची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ साली दूरसंचार कायदा संमत केला आहे. त्याखाली होणाऱ्या नियमांत हौशी रेडिओचे गायरान शाबूत राहील आणि परवाना खेड्यातल्या मुलीलाही सुलभ होईल, यावर पक्षाच्या प्रतिनिधींनी लक्ष ठेवले पाहिजे. सार्वजनिक पैशातून शाळांना जी यंत्रे दिली जातात, त्यांच्या आकृती आणि आज्ञावली खुल्या असल्याच पाहिजेत, हीही मागणी निःसंकोचपणे केली पाहिजे.

यंत्र कोणाचे, हा प्रश्न सोडून द्यावयाचा नाही. त्याच्या जोडीला, ते उघडता कोणाला येते, हाही प्रश्न आता विचारावयाचा आहे. १९४२ साली एका तंत्रज्ञावर विसंबावे लागले, कारण दुसरा इलाज नव्हता. आज तो इलाज आहे. तो केला नाही, तर दोष परिस्थितीला देता येणार नाही.