श्रद्धा, सत्कर्म आणि केडगाव

जयपूरच्या झालान्यात राहणाऱ्या मराठी माणसाला इथल्या जुन्या घरांतून ‘छपनिया’ हा शब्द केव्हा ना केव्हा ऐकावा लागतोच. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे इसवी १८९९-१९०० चा तो दुष्काळ राजपुताना आणि गुजरात या दोन्ही मुलखांवर एकदमच कोसळला. आणि त्याच वर्षी गुजरातेतील अन्नान्न दशा झालेल्या शेकडो मुलींना पुणे जिल्ह्यातील केडगावी आणवून त्यांच्या अन्नवस्त्राची, औषधोपचाराची व शिक्षणाची तजवीज पंडिता रमाबाईंनी केली. तारण श्रद्धेने होते की सत्कर्माने, हा ख्रिस्ती धर्मातील पुरातन वाद निघाला की मला ते केडगाव आठवते.

मनुष्य विश्वासाने नीतिमान ठरतो असे पौलाने प्रतिपादिले. कर्मावाचून विश्वास निर्जीव आहे असे याकोबाने बजावले. मार्टिन लूथरला याकोबाचे हे पत्र इतके खटकले की १५२२ साली त्याने त्याला गवताच्या काडीची उपमा दिली, आणि कॅथॉलिक व लुथरन पंथांनी या प्रश्नावरील संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या त्या ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी.

रमाबाईंना श्रद्धेची वाट सत्कर्मानेच दाखविली. इंग्लंडात फुलहॅम येथे, समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांची शुश्रूषा करणाऱ्या भगिनींना पाहून त्यांनी या करुणेचे मूळ विचारले, तेव्हा त्यांना बायबलमधील शोमरोनी स्त्रीची कथा ऐकावयास मिळाली. आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तथापि धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळाला नव्हता, तो सुमारे आठ वर्षांनी मिळाला, असे त्यांनीच पुढे निवेदन केले आहे. मध्यंतरी, १८८९ साली, त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उघडले होते. म्हणजे एखाद्याचे पुण्य सात पिढ्यांना पुरावे असे कार्य हाती असूनही या विदुषीने पुण्याचा जमाखर्च ईश्वरापुढे सनदेसारखा मांडला नाही. सत्कर्म ही तारणाची किंमत नव्हे, हे मानल्यावर मनुष्य आळसावतो असे म्हणणाऱ्यांना माझे उत्तर हेच, की रमाबाईंचे खरे अफाट कार्य, केडगावचे ते मुक्ती सदन, त्यानंतरचे आहे.

१८९३ साली शारदा सदनातील ख्रिस्ती धर्मप्रभावावरून वादळ उठले आणि रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. धर्माबाबत तटस्थतेचे अभिवचन ऐकून मुली धाडणाऱ्या पालकांची तक्रार मला निराधार वाटत नाही. परंतु आज आपण रमाबाईंना केवळ समाजसुधारक म्हणून गौरवितो आणि त्यांची श्रद्धा खाजगी बाब म्हणून दप्तराबाहेर ठेवतो, हाही अन्यायच आहे. आणि रविवारच्या उपासनेवर संतुष्ट राहून शेजारच्या निराधार स्त्रीकडे पाठ फिरविणाऱ्या ख्रिस्ती जनांना तर त्यांचे नाव घेण्याचा अधिकार नाही.

हिब्रू व ग्रीक शिकून रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर, ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाल्यावर दोन वर्षांनी, केडगावच्याच छापखान्यात छापून निघाले. त्या छापखान्यात खिळे जुळविण्याचे काम मुक्ती सदनातील मुली शिकल्या होत्या.