‘नवी घ्या’ म्हणणाऱ्यांसाठी

गेले काही दिवस या पानावर सायकलींच्या आठवणींचा पूर आलाय. वडिलांची काळी चोवीस इंची, दांडिया बाजारातून डबलसीट, डायनामोचा दिवा. गोड आहे सगळं, मीही आवडीने वाचतो. पण एक विचारतो, रागावू नका. त्या सायकली गेल्या कुठे? भंगारात. आणि का गेल्या? पायडल मारताना कट् कट् वाजायचं म्हणून! अहो, ती कॉटर पिन झिजलेली असायची. बोटाएवढी पिन. नट सैल करायचा, क्रँकखाली लाकडाचा ठोकळा धरायचा, हातोडीने जुनी पिन काढायची, नवी घासून बसवायची, झालं. तेवढ्यासाठी अख्खी सायकल विकली आणि आता तिच्यावर पानभर गहिवर.

हे जुनं झालं. ताजं ऐका. माझी नात एकचाकी सायकल चालवते. चांगली चालवते, सोसायटीच्या पार्किंगमध्ये खांबांमधून वळणं घेत. आधी तर ‘मुलीच्या जातीला हे सर्कशीतलं कशाला’ असं दोन-तीन घरांतून ऐकवून झालं. सर्कस हा शब्द नाक मुरडून उच्चारणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की १८८० साली या देशात पहिली सर्कस उभी करणारे विष्णुपंत छत्रे आपलेच होते. असो.

तिच्या सायकलीचं पंक्चर काढायला एका दुकानात चाक खोललं आणि परत लावताना उलटं लावलं. एकचाकीत साखळी नाही, फ्रीव्हील नाही, क्रँक थेट चाकाच्या आसावर. दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, त्यामुळे चाक उलटं बसलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. पण डावं पायडल उजवीकडे गेलं. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, आणि ते उगाच नाहीत. पाय फिरतात तसा पायडलवरचा भार दांडीभोवती फिरत राहतो आणि दांडी आपल्या भोकात कणाकणाने सरकते. बाजू बरोबर असली तर ती घट्ट होत जाते, चुकली तर सैल. तेच झालं. पायडल डुगडुगायला लागलं आणि एक दिवस निखळलंच. क्रँक ॲल्युमिनियमची, पायडलची दांडी लोखंडी. क्रँकमधले आटे साफ गेले. नशीब, पोरगी पायांवर उतरली.

दुकानदार म्हणतो, ‘काका, आ तो गई. नवी लई लो.’ त्याचा मला राग नाही, त्याला विकायचंच आहे. राग आला तो आजूबाजूला उभ्या असलेल्या आपल्या माणसांचा. त्यात तीन इंजिनियर. तिघांनी एकमुखाने माना डोलावल्या, ‘हो काका, नवीच घ्या, कटकट नको.’ एकानेही खाली वाकून क्रँकवरचं एल आणि आर वाचलं नाही! मी कॉमर्सवाला. आयुष्यभर बँकेत लेजर तपासली. पण चालू स्थितीतलं खातं कुणी राइट ऑफ करायला निघालं तर मी आधी कागद बघायचो. इथे चाक, टायर, ट्यूब, सीट, बेअरिंग सगळं ठणठणीत, गेलेलं काय तर एका क्रँकचे आटे. आणि निकाल काय, तर अख्खी सायकल बुडीत!

ज्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं, हाताने काम करणारी शिकलेली माणसं तयार व्हावीत म्हणून, त्याच बडोद्यात राहतो ना आपण? फाळके तिथे शिकून गेले. त्याच कलाभवनाची पुढे इंजिनियरिंग फॅकल्टी झाली आणि आपल्या प्रत्येक घरातून एक तरी तिथून पदवी घेऊन बाहेर पडला. महाराजांचा फोटो दिवाणखान्यात आहे. पाना मात्र घरात नाही. हात काळे करणं ‘त्या लोकांचं’ काम, हे आपल्या डोक्यात कुठून शिरलं? पुन्हा वर आपणच तक्रार करायची की मुलं मोबाइल सोडत नाहीत.

आता मुद्द्याचं. पायडल कोणत्याही बाजूचं असो, पाना वरून पुढे ढकलला की घट्ट, मागे ओढला की सैल. एवढं पाठ केलं तर निम्मे आटे वाचतील. बसवताना आट्यांना ग्रीस लावा, सुरुवातीचे फेरे हातानेच घ्या, अडलं तर जोर करू नका. एकचाकीची क्रँक काढायला हातोडी मारू नका, बेअरिंगची वाट लागते. आधी बोल्ट काढायचा, मग पुलर पूर्ण आत फिरवायचा आणि मग मधला स्क्रू आवळायचा. नव्या क्रँक जोडीने घ्या, लांबी जुन्यांइतकीच, आसाच्या मध्यापासून पायडलच्या मध्यापर्यंत मोजून. नातीच्या वीस इंची चाकाला १२५ मिलिमीटरच्या आहेत. आखूड लावल्या तर वेग वाढतो, पण या सायकलीला ब्रेक नसतो, पायांनीच थांबवायची असते, तेव्हा शिकणाऱ्याने त्या मोहात पडू नये. एल डावीकडे, आर उजवीकडे, आणि सीटचं तोंड पुढेच आहे ना हे बघा, नाहीतर सीट उलटी लागूनही तोच घोटाळा. चार दिवस चालवल्यावर बोल्ट पुन्हा आवळा. एकचाकीत क्रँकवर पुढून-मागून दोन्हीकडून जोर येतो, सैल राहिली तर तिचं चौकोनी भोक गोल होतं आणि मग खरंच ती गेली.

आमचं हे सगळं काम तासाभरात झालं. पाना नातीनेच फिरवला. दोन क्रँक आणि पायडलची जोडी मिळून खर्च नव्या सायकलीच्या पाव किमतीलाही पोहोचला नाही. हिशेब वहीत आहे, बघायचा असेल त्याने यावं.

क्रँक पुलर माझ्याकडे आहे. कुणाला लागला तर न्या. फक्त नेणाऱ्याचं नाव मी लिहून ठेवतो, आणि तो परत लागतो.