दोघांपैकी एक

२०२४ च्या जूनमधली गोष्ट. मृगाचा पाऊस पडून गेला होता, सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशव्या आणायच्या होत्या, आणि नेमक्या त्याच आठवड्यात मुखेड तालुक्यातल्या माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. थोरल्या मुलाचा 'नीट'चा निकाल लागला होता. मार्क बरे होते, पण सरकारी मेडिकल कॉलेजला लागतात तेवढे नव्हते. त्याला आणखी एक वर्ष लातूरला काढायचे होते. धाकटी मुलगी दहावीला ८९ टक्के घेऊन पास झाली होती. तिलाही अकरावीला लातूरच हवे होते. "दादा, दोघांपैकी एकालाच जमतंय. कुणाला पाठवू, तुम्ही सांगा," बहीण म्हणाली.

'विचार करून सांगतो' असे म्हणून मी फोन ठेवला. खरे तर हा प्रश्न मला नवा नव्हता. २००० साली आमच्या घरात तो एकदा येऊन गेला होता आणि त्याचा निकाल माझ्या बाजूने लागला होता. मी लातूरला बारावी करून इंजिनिअरिंगला लागलो. बहिणीला दहावीत माझ्यापेक्षा सात टक्के जास्त पडले होते. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, तिला 'नाही' म्हटले नाही. 'पुढच्या वर्षी बघू' म्हटले. पुढच्या वर्षी माझी दुसऱ्या वर्षाची फी आली. त्यानंतर त्या विषयावर आमच्या घरात कुणी बोलले नाही, आणि मीही नाही.

ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांना 'लातूर पॅटर्न' हा शब्द आज क्लासच्या जाहिरातीतला वाटेल. त्याचा जन्म मात्र कॉलेजच्या वर्गात झाला. निजामाच्या राजवटीतून मराठवाडा सुटला १७ सप्टेंबर १९४८ ला. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० चे, लातूरचे राजर्षी शाहू महाविद्यालय तर १९७० चे. पुण्या-मुंबईत कॉलेज शिकलेल्यांची तिसरी पिढी निघाली होती, तेव्हा आमच्याकडे पहिली पिढी पाटी-पुस्तक घेऊन निघाली होती. अशा भागातल्या मुलांनी बोर्डाच्या गुणवत्ता यादीत मुंबईकरांच्या पंक्तीला बसावे, हे स्वप्न पाहण्याचे धाडस ज्या प्राचार्यांनी केले त्यांत शाहू महाविद्यालयाचे जनार्दन वाघमारे आणि अनिरुद्ध जाधव यांची नावे घेतली जातात. पुढे १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघाले, तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू वाघमारेच झाले.

पॅटर्न म्हणजे काही जादू नव्हती. उन्हाळ्याच्या सुटीतच बारावीचे तास सुरू व्हायचे, अभ्यासक्रम लवकर संपवायचा आणि मग पेपर लिहायचा, सरांनी तपासायचा, चुका दाखवायच्या, पुन्हा लिहायचा. आम्ही एका खोलीत चौघे राहत होतो. डबा गावाकडून एस.टी.ने यायचा, कंडक्टरच्या ओळखीवर. भाकरी दुपारपर्यंत कडक व्हायची. पण सकाळच्या तासाला शेजारी डॉक्टरचा मुलगा बसायचा, त्याला शिकवणारे सर आणि मला शिकवणारे सर एकच असत, आणि त्यांचा पगार सरकार देत असे. त्या बाकावर आम्ही बरोबरीने बसत होतो, ही गोष्ट तेव्हा लक्षात आली नाही, आज येते. (चार जणांतल्या एकाही घरची मुलगी लातूरला नव्हती, हेही आजच लक्षात येते.)

मग परीक्षाच बदलली. १९९९ पासून राज्याची सीईटी आली. पुढे वैद्यकीय प्रवेशासाठी देशभर एकच 'नीट' बंधनकारक झाली. बोर्डाचे मार्क पात्रतेपुरते उरले. पॅटर्न घडला होता बोर्डाच्या परीक्षेसाठी. नव्या परीक्षेची तयारी करून देणारे मात्र कॉलेजच्या फाटकाबाहेर उभे होते. बघता बघता लातूरला 'ट्यूशन एरिया' असे नावच पडलेला भाग उभा राहिला, नांदेडलाही तोच बाजार भरला. परभणी, हिंगोली, यवतमाळ, सीमेपलीकडच्या बिदरपर्यंतची मुले येऊ लागली. कॉलेज प्रवेशापुरते, शिकणे क्लासला. सरकारने २०१८ साली विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली, ती काही सगळे वर्ग भरलेले होते म्हणून नव्हे. काही घरांत तर आई लेकराबरोबर खोली करून लातूरला राहते आणि बाप एकटा शेत बघतो. दोन वर्षांपुरता संसारच दोन ठिकाणी मांडायचा.

बहिणीने मला फोनवर हिशेब वाचून दाखवला होता. क्लासची फी ९० हजार. खोलीत एक कॉट, महिना ३५०० रुपये. मेस ३००० रुपये. अकरा महिने धरले तर साडेएकाहत्तर हजार. वह्या-पुस्तके, टेस्ट सिरीज, जाणे-येणे मिळून एका मुलाचे वर्ष एक लाख सत्तर हजारांच्या घरात. तिला जमीन पाच एकर, कोरडवाहू. चांगल्या पावसाला एकरी सात क्विंटल सोयाबीन धरा, पस्तीस क्विंटल झाले. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये होता, पण बाजारात त्याच्या खालीच विकावे लागले. ४,२०० ने धरले तर पस्तीस क्विंटलचे एक लाख सत्तेचाळीस हजार होतात. बी, खत, फवारणी, मजुरी यांतली एक पैही वजा न करता, आणि वर्षभर घरातले कुणी काहीही न खाता, सबंध शेत एका मुलाच्या एका वर्षाला पुरत नाही. राहिलेले सावकार, सोसायटी किंवा दागिना भरून काढतो. मग दोन मुलांचे काय?

२०१९ चे नोबेल ज्यांना मिळाले त्या अभिजित बॅनर्जी आणि एस्तर डुफ्लो यांनी २०११ सालच्या आपल्या पुस्तकात गरीब आईबापांच्या या हिशेबाबद्दल फार मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे. शिक्षणाचे फळ वरच्या टोकाला, नोकरी लागली तरच मिळते, अधल्या-मधल्या वर्षांना काही मोल नाही, असे आईबापांना वाटते. मग सगळ्या लेकरांना थोडे थोडे शिकवण्यापेक्षा एकालाच टोकापर्यंत न्यावे, असे ते ठरवतात. प्रत्यक्षात शिकलेल्या प्रत्येक वर्षाने कमाई वाढते, असे हे दोघे आकडेवारीवरून दाखवतात. हे वाचले तेव्हा आबांची आठवण झाली. ते निर्दयी नव्हते. पाच एकरांत एकच बी पेरता येते असा त्यांचा हिशेब होता, आणि कुठले पेरायचे हे त्यांनी मुलगा-मुलगी पाहून ठरवले, मार्क पाहून नव्हे.

बहिणीच्या हिशेबाला तर आणखी एक गाठ आहे. २०२४ साली 'नीट'ला सुमारे २३ लाख मुले बसली आणि देशातल्या एम.बी.बी.एस.च्या जागा होत्या एक लाख दहा हजारांच्या आसपास; त्यांतल्या सरकारी जागा निम्म्याहून थोड्या जास्त. एकदा सरकारी जागा मिळाली की पुढची फी शेतकऱ्यालाही झेपेल अशी. म्हणजे दाराच्या आत गेले की शिक्षण स्वस्त आणि दारापर्यंत पोचायचा रस्ता महाग. मला वाटते आपल्या धोरणाची सगळी मेख इथे आहे. सरकारने जुलै २०२४ मध्ये निर्णय घेतला, की आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि मराठा समाजाच्या प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी माफ. निर्णय चांगलाच आहे, मी त्याला नावे ठेवणार नाही. पण तो दाराच्या आतला आहे. ज्या मुलीला दारापर्यंतची कॉट आणि मेस मिळाली नाही, तिला तो कधी लागूच होत नाही. ज्यांच्याकडे रस्त्याचा खर्च होता, त्यांनाच आतली सवलत मिळते.

क्लासचालकांना खलनायक ठरवणे सोपे आहे, आणि काही जण त्या लायकीचे असतीलही. पण मी तसे करणार नाही. माझ्या ओळखीतले दोन-तीन शिक्षक असे आहेत, की रात्री अकराला मुलाची शंका सोडवतात. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना क्लासने घेऊ नये, मध्येच सोडल्यास उरलेली फी परत करावी, अशा मार्गदर्शक सूचना काढल्या. पण क्लासची गरज का पडली, याला त्यांत उत्तर नाही. देशभरच्या २०२५ सालच्या सरकारी पाहणीत २७ टक्के विद्यार्थी खासगी शिकवणी लावणारे निघाले, शहरांत ३०.७, खेड्यांत २५.५. खेड्यातला आकडा शहराच्या इतका जवळ येऊन ठेपला आहे, याची मला शहराच्या आकड्यापेक्षा जास्त धास्ती वाटते.

त्यातही लातूर-नांदेडला पोचतात ती चाळणीतून वर राहिलेली मुले. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' अहवालात २०२४ सालीसुद्धा ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर सरळ वाचता येत नव्हता. मुंबई आणि बडोद्यात याच संस्थेने वस्तीतल्या शिकलेल्या तरुणींकडून, बालसखींकडून, मागे पडलेल्या मुलांना दिवसाचे दोन तास शिकवून घेतले, तेव्हा ती मुले लक्षणीय पुढे आली. खर्च अगदी किरकोळ. आपल्या जिल्ह्यांत बारावी होऊन घरी बसलेल्या मुलींची वाण नाही. पण त्या कामाला लातूर पॅटर्नसारखे वलय नाही. पाचवीचा मुलगा वाचू लागला म्हणून कुणी चौकात त्याचा फ्लेक्स लावत नाही.

चौथ्या दिवशी मी बहिणीला फोन केला. चोवीस वर्षांनी मला सांगायचे होते, 'मुलीला पाठव.' तिने मला बोलू दिले, मग म्हणाली, "दादा, पोराचा पहिला हप्ता भरला काल. तिचं काय, तिला पुढं फी माफच हाय म्हणतात." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मी तिला २००० सालाची आठवण करून द्यावी अशी हिंमत मला झाली नाही.

भाची तालुक्याच्या कॉलेजला एस.टी.ने जाऊ लागली. मुलींना पास मोफत असतो. भावाला त्या दुसऱ्या वर्षानेही सरकारी जागा दिली नाही, त्याने नांदेडला बी.एस्सी.ला नाव घातले. त्याच्या क्लासच्या नोट्स आता तिच्याकडे आहेत, समासात त्याच्या अक्षरात वेळा लिहिलेल्या. दिवाळीत गेलो तेव्हा तिने यादी करून ठेवली होती. म्हणाली, "मामा, केमिस्ट्री सगळं हाय. फिजिक्सचा दुसरा भाग दादानं लातूरच्या खोलीवरच ठेवलाय. तुम्ही तिकडून जाणार असाल तर विचारून बघता का?"