नागाचे दात आणि माणसाची भीती

नागपंचमीच्या दिवशी आपल्या भागात शेतकरी औत धरत नाही. घरात विळीवर भाजी चिरली जात नाही, चुलीवर तवा चढत नाही. नांगराच्या फाळाखाली सापाची पिले सापडली आणि पुढे अनर्थ झाला, ही कहाणी आपण सर्वांनी आजीच्या तोंडून ऐकली आहे. त्या कहाणीतली मुलगी पूजा करते ती पाटावर चंदनाने काढलेल्या नागाची. म्हणजे ज्या सणाचे सारे नियम ‘कापू नका, खणू नका, इजा करू नका’ असे सांगतात, त्याच सणाला आपण इतकी वर्षे दारात आलेल्या टोपलीपुढे नारळ ठेवीत आलो. आणि त्या टोपलीतल्या देवाचे दात आधीच पकडीने उपटलेले असत! या विसंगतीचा विचार आपण कधी केला आहे काय?

या विषयावर लिहावेसे वाटण्याचे आणखी एक कारण आहे. अमेरिका-युरोपातील काही हौशी लोक नाग, फुरसे यांसारखे विषारी साप घरात पाळतात आणि त्यांच्या विषग्रंथी, किंवा ग्रंथीपासून दातापर्यंत जाणाऱ्या नळ्या, शस्त्रक्रियेने काढून टाकतात. साप तसाच दिसतो, फणा तसाच काढतो, पण विष नाही. याच्या बाजूने ते सांगतात की भूल दिलेली असते, जखम शिवलेली असते, सापाला आयते उंदीर मिळतात. मग तक्रार कसली? आपला गारुडी अडाणी आणि तो डॉक्टर शिकलेला, एवढाच काय तो फरक. प्रश्न मात्र दोघांनाही एकच विचारावा लागेल. ही कापाकापी कोणासाठी?

प्रथम दात काढणे म्हणजे काय ते नीट पाहू. नागाचे विषदंत जबड्याच्या पुढच्या भागात असतात आणि त्यांच्यामागे राखीव दात तयार होत असतात. एक पडला की दुसरा पुढे येतो. म्हणून गारुड्याला ही क्रिया पुन्हा पुन्हा करावी लागते. तोंडात जखम होते, ती चिघळते. कित्येक वेळा तोंडच दोऱ्याने शिवून टाकतात. असा नाग काय खाणार? विष हे नागाचे केवळ शस्त्र नव्हे. विषग्रंथी म्हणजे बदललेली लाळग्रंथीच होय. भक्ष्य मारण्याचे काम विष करते आणि ते पचविण्यासही मदत करते. ज्याला हात नाहीत, पाय नाहीत, त्याचे सारे पोट या दोन दातांवर अवलंबून. दूध तर त्याचे अन्नच नाही. पण दिवसेंदिवस उपाशी आणि तहानलेला ठेवलेला नाग समोर येईल ते द्रव गिळतो. ते फुप्फुसात जाऊन अनेक साप मरतात, आणि आपण मात्र नाग दूध प्याला म्हणून हात जोडतो.

माझ्या एका मित्राने या बाबतीत मला कोंडीत धरले. तो म्हणाला, “आपण बैलाला वेसण घालतो, गोऱ्ह्याचे खच्चीकरण करतो. मग नागाचाच एवढा कळवळा का?” प्रश्न खोटा नाही. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कोणीही तो टाळू नये. वेसणीचाही विचार आज ना उद्या आपल्याला करावा लागेल, हे मी मान्य करतो. परंतु वेसण घातलेला बैल चरू शकतो, रवंथ करू शकतो. तो बैल म्हणून जगतो. त्याच्या श्रमावर आपले घर चालते आणि पोळ्याला का होईना, आपण त्याचे ऋण मानतो. दात गेलेला नाग नाग म्हणून जगूच शकत नाही. सोडून दिला तर तो उपासमारीने मरतो. आणि त्याच्यापासून आपल्याला मिळते काय? घटकाभराची करमणूक.

परदेशातील हौशी माणसाच्या युक्तिवादाचे उत्तरही येथेच आहे. निरुपद्रवी सापच हवा असेल तर बिनविषारी जाती आहेत. त्याला हवा असतो फणा, आणि पाहुण्यांच्या डोळ्यांतले भय. फक्त त्या भयाची किंमत त्याला द्यायची नसते. शस्त्रक्रियेने सापाचा कोणताही आजार बरा होत नाही, त्याचे कसलेही हित होत नाही. जी चिरफाड ज्याच्या शरीरावर होते त्याच्या उपयोगाची नाही, तिला उपचार म्हणता येणार नाही. सुरी स्वच्छ असली म्हणून हेतू स्वच्छ होत नाही.

आपला कायदा या बाबतीत पुष्कळ पुढे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच प्राण्याला इजा करणे किंवा त्याच्या शरीराचा भाग काढून घेणे यांचा समावेश आहे. म्हणजे नागाचा दात उपटणे ही कायद्याने शिकारच! सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याला नागपंचमीला जिवंत नागांची पूजा आणि मिरवणूक होत असे. आम्ही नागाला इजा करीत नाही, असे शिराळकरांचे म्हणणे. पण प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि मिरवणूक थांबली. २०२५ साली केंद्र सरकारने अभ्यास व शिक्षण या हेतूने, अटी घालून, नाग पकडण्याची मर्यादित परवानगी दिली. वाद अजून मिटलेला नाही, हे यावरून दिसते.

पण कायदा टोपली जप्त करतो. टोपलीमागच्या माणसाचे काय? मला सर्वांत अवघड वाटतो तो हा प्रश्न. पिढ्यान्‌पिढ्या पालावर जगणाऱ्या गारुड्याला ‘क्रूर’ म्हणणे आपल्याला फार सोपे जाते, कारण त्याच्या टोपलीत नाणे टाकणारे हात आपलेच होते हे आपण विसरतो. तमिळनाडूतील इरुळा आदिवासींचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. कातडीसाठी साप पकडण्याचा त्यांचा धंदा कायद्याने बंद झाला. १९७८ साली रॉम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने त्यांची सहकारी संस्था निघाली. ते साप पकडतात, विष काढतात आणि साप परत रानात सोडतात. त्या विषापासून प्रतिविष तयार होते. मुंबईच्या हाफकिन संस्थेतही सापाचे विष अल्प प्रमाणात घोड्याला टोचून प्रतिविष करण्याचे काम झाले. जे विष आपण कापून फेकू पाहतो, त्यावाचून सर्पदंशाचा रोगी वाचत नाही! ज्याच्या हातात सापाची विद्या आहे त्याला हाकलण्याऐवजी त्या विद्येला प्रतिष्ठेचे काम देता येते, हे इरुळांनी दाखवून दिले.

हा प्रश्न हिंगोलीकरांना दूरचा नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. त्यांत बहुसंख्य खेड्यांतली. आपल्या सोयाबीनच्या, हळदीच्या रानात अनवाणी पाय आणि नाग, घोणस, मण्यार एकाच वाटेने चालतात. दात काढलेला नाग गळ्यात घालून फिरणारा माणूस पोरांना काय शिकवतो? नागाची भीती बाळगू नका, मंत्र आला की झाले. ही शिकवण पुढे एखाद्याला दवाखान्याऐवजी मांत्रिकाच्या ओट्यावर नेते. नागाचे दात काढल्याने रानातले विष कमी होत नाही. ते कमी करायचे तर पायात बूट हवेत, हातात बॅटरी हवी, आणि तालुक्याच्या दवाखान्यात प्रतिविष हवे.

मित्रहो, आपल्या जिल्ह्यात औंढ्याला नागनाथ आहे आणि नर्सीला नामदेवांचे गाव आहे. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारा संत ज्या मातीतला, त्या मातीत प्राणिमात्रांच्या दयेचे धडे बाहेरून आणावे लागू नयेत. नागाची पूजा खुशाल करा. वारुळाची करा, चित्राची करा. पण देवाला आपल्या सोयीचा करून घेण्यासाठी त्याचे दात पाडू नका. ज्याची भीती वाटते त्याच्यापासून चार हात दूर राहून त्याला त्याचे रान मोकळे ठेवणे, हीच मला खरी पूजा वाटते.