वृद्धाश्रमांचा कारभार कोण तपासणार?

वृद्धाश्रमांविषयीची आपल्याकडील चर्चा बहुधा मुलांच्या कृतघ्नतेपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. आईवडिलांना आश्रमात ठेवणे योग्य की अयोग्य, हा वाद रंगभूमीवरून आणि व्याख्यानमालांतून पुष्कळ झाला. परंतु आश्रमाचा उंबरठा ओलांडून आत गेलेल्या वृद्धाला औषध वेळेवर मिळते काय, रात्री हाक मारल्यास कोणी ओ देते काय, याची विचारपूस क्वचितच होते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या दहा कोटींहून अधिक होती. महाराष्ट्रात दर शंभरांत जवळजवळ दहा. घरे लहान झाली, मुले नोकरीनिमित्त दूर गेली, आयुर्मान वाढले. अशा स्थितीत वृद्धाश्रम ही समाजाची एक गरज झाली आहे, हे मान्य करून तिच्या कारभाराकडे पाहणे अगत्याचे आहे.

ग्राहक चोखंदळ असला की विक्रेता मालाचा दर्जा राखतो, असे अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके सांगतात. वृद्धाश्रमाच्या बाबतीत हा नियम लंगडा पडतो. पैसे देणारा मुलगा परगावी किंवा परदेशी असतो आणि सेवा घेणारी आई आश्रमात असते. भेटीच्या दिवशी त्याला झाडलेले अंगण आणि धुतलेली चादर दिसते. इतर दिवसांचे त्याला काहीच दिसत नाही. जेथे दर्जाची माहिती विकणाऱ्यालाच असते आणि घेणाऱ्याला नसते, तेथे निकृष्ट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो, हे जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्येच दाखवून दिले आहे. शिवाय येथील ग्राहकाला दुकान बदलता येत नाही. अनामत रक्कम अडकलेली असते, शरीर थकलेले असते, कित्येकांची स्मृतीही साथ देत नाही. तक्रार करावी, तर ज्याच्या हातून दोन घास खायचे त्याच्याविरुद्धच करावी लागते. साहजिकच ती केली जात नाही.

मग दर्जा ओळखावयाचा कशावरून? इमारत, बाग, प्रार्थनामंदिर यांवरून तो ठरत नाही; शुश्रूषा करणारे हात किती आहेत, यावरच तो मुख्यतः ठरतो. येथे थोडे अंकगणित करणे उद्बोधक ठरेल. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला शय्याव्रण होऊ नयेत म्हणून साधारणतः दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते. समजा, दिवसपाळीच्या एका मावशीकडे असे दहाजण सोपविले आहेत. प्रत्येकाला वळविण्यास पाच मिनिटे धरली, तरी आठ तासांच्या पाळीत चार फेऱ्यांची दोनशे मिनिटे होतात. एक वेळचे जेवण भरविण्यास प्रत्येकी अर्धा तास धरल्यास आणखी तीनशे. पाळीची एकूण मिनिटे चारशे ऐंशी! म्हणजे अंग पुसणे, कपडे बदलणे, औषध देणे यांना हात लागण्यापूर्वीच पाळी संपलेली असते. अशा मावशीला निष्काळजी ठरविणे अन्यायाचे होईल. दोष नेमणुकांचा आहे. चोवीस तास एक माणूस हजर हवा असेल, तर आठवड्याला एकवीस पाळ्या होतात. साप्ताहिक सुट्टी आणि रजा हिशेबात धरता त्या एका जागेसाठी चारजण नेमावे लागतात. चौघांऐवजी दोघांवर भागविणाऱ्या संस्थेत रात्री काय होत असेल, हे सांगावयास नको.

आपल्या दानशूरतेचीही येथे थोडी परीक्षा करावी लागेल. देणगीदार खोली बांधून देतो, दारावर नाव कोरतो, वाढदिवसाला फळे वाटतो, दिवाळीला फराळ पाठवितो. मात्र परिचारिकेचा पगार देण्यास कोणी पुढे येत नाही, कारण पगारावर नाव कोरता येत नाही. परिणामी पलंग भरपूर आणि माणसे अपुरी, अशी विसंगती निर्माण होते. तुटपुंज्या वेतनावरील कर्मचारी काम शिकला की अन्यत्र जातो आणि म्हातारी माणसे पुन्हा नवख्या हातांत पडतात.

कायदा काय म्हणतो? आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा अधिनियम प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांसाठी आश्रम काढण्याविषयी बोलतो; पण तेथेही राज्य शासन आश्रम स्थापन 'करू शकेल', अशीच भाषा आहे. खाजगी आश्रमांना सरसकट लागू होईल अशी सक्तीची नोंदणी त्यात नाही. ती उणीव भरून काढू पाहणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते संमत न होताच त्या लोकसभेबरोबर २०२४ मध्ये व्यपगत झाले. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा आपल्या राज्यातील कायदा १९४९ चा आहे. त्याच्या व्याख्येत आजाराबरोबर दुर्बलतेचाही उल्लेख आहे. तथापि 'आमच्याकडे उपचार होत नाहीत, केवळ निवास आहे' असे म्हणून आश्रमचालकाला त्यातून अंग काढून घेता येते. लुळ्या पडलेल्या माणसाला केवळ निवासी म्हणणे ही शब्दांची कसरत झाली.

नियमन आले की सारे सुरळीत होईल, असेही मानण्याचे कारण नाही. ब्रिटनमध्ये सदर्न क्रॉस या कंपनीची सुमारे साडेसातशे शुश्रूषागृहे होती आणि त्यांत एकतीस हजारांच्या आसपास वृद्ध राहत. तेथे तपासणीची सरकारी यंत्रणा होती. तरीही इमारती विकून त्याच चढत्या भाड्याने घेण्याच्या व्यवहारापायी ही कंपनी २०११ मध्ये कोसळली, आणि त्या हजारो वृद्धांच्या निवाऱ्याचाच प्रश्न उभा राहिला. तात्पर्य, खाटांबरोबर जमाखर्चाचीही तपासणी झाली पाहिजे.

आपल्याकडे निदान चार गोष्टी तातडीने व्हाव्यात. प्रत्येक वृद्धाश्रमाची नोंदणी सक्तीची करावी. दर पाळीला किती खिळलेल्या रुग्णांमागे किती कर्मचारी, याचे प्रमाण ठरवून द्यावे. पूर्वसूचना न देता तपासणी व्हावी आणि तिचा अहवाल आश्रमाच्या दर्शनी भागात मराठीत लावावा. अनामत रक्कम आणि ती परत करण्याच्या अटी लेखी असाव्यात. यामुळे लहान धर्मादाय संस्था बंद पडतील, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. त्यावर उपाय म्हणजे त्यांना मुदत द्यावी आणि कर्मचाऱ्यांच्या वेतनासाठी अनुदान द्यावे. मानकेच नकोत, हा नव्हे. तपासनीसाच्या हातात नवे कुरण जाईल, ही भीतीही खरी आहे. अहवाल उघड केल्याने ती बऱ्याच अंशी कमी होईल.

निवृत्तीनंतरचे हिशेब करताना आपण शिक्षक आणि कारकून मंडळी भविष्यनिर्वाह निधीची आकडेमोड चोख करतो. त्या पैशाने पुढे जी सेवा विकत घ्यावी लागेल, तिच्या दर्जाचा हिशेब कोणी ठेवीत नाही. तो ठेवण्याचा आग्रह हातीपायी धड असतानाच धरला पाहिजे. अंथरुणावरून मोर्चा काढता येत नाही.