‘सोड रे, दुसरी मिळेल’

जून 2020 मध्ये हे वाक्य मी चार मित्रांकडून ऐकलं. चौघांनाही माझी काळजी होती, म्हणूनच जास्त राग येतो.

लॉकडाऊनमुळे पुण्याहून पोलादपूरला घरी आलो होतो. मे महिन्यात तिने फोनवर नातं संपवलं. दिवसा कोडिंग, रात्री गच्चीवर बसून तिचं ‘लास्ट सीन’ बघायचं. आई म्हणायची, कामाचं टेन्शन आहे. मी हो म्हणायचो. कामाचं टेन्शन घरात चालतं. 3 जूनला निसर्ग चक्रीवादळात वीज गेली, फोन बंद पडला आणि मी कित्येक दिवसांनी झोपलो. लोकांचे पत्रे उडाले होते आणि मला बरं वाटत होतं. त्याची लाज अजून वाटते.

आपली दोस्ती टपरी, मॅच आणि बाईकवर चालते. ते बंद झालं तेव्हा कळलं, बोलायची सवयच नाही. 2021 मध्ये देशात 1,64,033 आत्महत्यांची नोंद झाली. त्यात 1,18,979 पुरुष. सगळ्यात जास्त आत्महत्या आपल्या महाराष्ट्रात. यातल्या प्रेमभंगाच्या फार थोड्या, मान्य. पण मन कुठे मोकळं करायचं, हा प्रश्न सगळ्यांचा आहे.

त्यावर काही जणांकडे तयार उत्तर असतं: ‘मुली अशाच असतात.’ पुरुषांच्या दुःखावरचे अर्धे रील्स शेवटी बाईला शिव्या घालतात. अरे, तिने मला फसवलं नव्हतं. तिला नको होतं, तिने सांगितलं. मला त्रास झाला म्हणून ती गुन्हेगार होत नाही. शिवाय शिव्या घालून झोप येत नाही, मी करून पाहिलंय.

22 जुलै 2021 ला महाड बुडालं, तळियेत दरड कोसळली. याच चौघांनी बाजारपेठेत अनोळखी लोकांच्या दुकानांतला गाळ चार दिवस उपसला. तिथे कुणालाही ‘सोडा काका, दुसरं दुकान मिळेल’ म्हणाले नाहीत.

मागच्या वर्षी त्यातल्याच एकाचा रात्री दीडला फोन आला. त्याचं तुटलं होतं. माझ्याही तोंडात तेच वाक्य आलं. गिळलं आणि विचारलं, ‘जेवलास का?’ तो पाऊण तास बोलला. सकाळी त्याला 14416 पाठवला. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. दोन दिवसांनी विचारलं, तर म्हणाला, ‘लावतो रे.’

रविवारी गाडी काढून त्याच्याकडे गेलो.